ओट्याच्या उंचीची स्कूटर

९ सप्टेंबर, मंगळवार

शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून शोभा आपल्या पेनातली शाई माझ्या पेनात थेंब थेंब सोडायची. मी दोन्ही टोपणं ओठांत धरून, श्वास रोखून बघत राहायचे. एखादा थेंब सांडला तर सिस्टरच्या नजरेला पडण्याआधी तळव्याने पुसायचा, आणि मग दिवसभर दोघींचे तळवे निळे. शोभाला हसू आवरायचं नाही. ती तळहात नाकावर दाबून हसायची, त्यामुळे बऱ्याचदा नाकही निळं.

सांगण्यासारखं त्यात काहीच नाही. पण आज सकाळी दारापुढच्या ओट्यावर चहा पिताना ते आठवलं, आणि चाळीस वर्षं जे नाव टाळलं ते वहीत उतरलं. आता खोडत नाही. सिस्टर अ‍ॅग्नेस सांगायच्या, डायरीत खोडाखोड करू नये, लिहिण्याआधी विचार करावा. विचार राहून गेला.

आठवण्याचं कारण मृणाल. चहाची कपबशी विसळता विसळता म्हणाली, "आजी, मला स्कूटर घेऊन दे ना."

जुलैत अठरा पूर्ण झाली. शिकाऊ लायसन मला न विचारता काढून ठेवलंय. तिचे आईबाप, माझा रितेश आणि सून तृप्ती, दोघेही देडतलाईच्या शाळेत शिकवतात, शनिवारी येतात. पाच दिवस ही पोरगी माझ्या भरवशावर असते. मी रितेशला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू हो म्हणशील तर हो. नाही तर नाही. मी मध्ये पडत नाही."

या घरात आजवर दुचाकी आली नाही ती माझ्यामुळे. ह्यांनी जन्मभर सायकल चालवली, एकदाही कुरकुर केली नाही. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, सायकल अजून जिन्याखाली आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्षात गाडी घेत नाहीत, बघायला हरकत नाही, असं मृणालचं म्हणणं. म्हणून शनिवारा बाजारापलीकडच्या एका दुकानात जाऊन आलो. विक्रेता धर्मेंद्र, तोंडात सुपारी, बोलणं अर्धं हिंदी.

"अम्माजी, ॲव्हरेज बघा, पिकअप बघा. कॉलेजच्या पोरींना हीच चालते. कलर कोणता पाहिजे, बेटा?"

मृणालने रंग विचारला नाही. ॲव्हरेजही नाही. तिने गाडीच्या मागच्या सीटवर, आडवी, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसून बघितलं. मग उतरली. पुन्हा बसली. मग म्हणाली, "भैया, इसमें साडी गार्ड पूरा आता है या आधा? और लेडीज फूटरेस्ट?"

धर्मेंद्र हसला. "तू साडी नेसून कॉलेजला जातेस का बेटा?"

"तुम बताओ ना."

गाडी चालवणारी मुलगी मागच्या सीटवर बसून का बघते? तिच्याकडे एकही साडी नाही. मागे कोण बसणार आहे? मी रस्ताभर विचारलं नाही. विचारलं की माणसं सावध होतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

मृणालची मैत्रीण हिमानी आली होती. दापोऱ्याची. बसने ये-जा करते, घरी स्वतःची गाडी आहे, लायसनही आहे. केळ्यांची फणी घेऊन आली. "आमच्या आजीनं दिली, म्हणे मॅडमना द्या."

"तुझ्या आजीला मी मॅडम आहे हे कसं ठाऊक?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग हिमानी हसायला लागली, तळहात नाकावर दाबून. मला ते आवडलं नाही. जी मुलगी तोंड झाकून हसते ती काहीतरी लपवत असते. शिवाय तिला बघून कोणाची तरी आठवण येते, आणि कोणाची ते कळत नाही, त्याने दिवसभर डोकं दुखलं.

केळी मात्र छान होती. साल काळी पडायला लागलेली, मला आवडतात तशी. सहसा लोक पाहुण्याला अशी देत नाहीत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज जे सापडलं ते सविस्तर लिहून ठेवते, उद्या कोणी विचारलं तर.

मी भाजी घेऊन इतवारा बाजारातून परतले तर मृणाल शिलाईची टेप घेऊन आमचा ओटा मोजत होती. जमिनीपासून वरपर्यंत. मला बघून टेप गुंडाळली. म्हणाली, "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे." फिजिक्स शिकणाऱ्या मुलीला ओट्याचा कसला प्रोजेक्ट?

मग तिच्या टेबलावर कागद दिसला. मी मुद्दाम शोधला नाही. वही उचलली, तर खाली होता.

"ओटा २९ इंच. सीट त्याहून एक बोटही उंच नको. साडी: हिमानी. दापोरा: पुलाच्या पुढे खड्डे, तिथे एकदम हळू. दसऱ्याच्या आत."

मी खुर्चीत बसले. मग एकेक लावून बघितलं.

ओटा आणि सीट एका उंचीला हवी, कारण त्यावरून पेटी सरकवून गाडीवर घेता येते, आवाज न करता. साडी हिमानीला, कारण पळून केलेल्या लग्नाला साक्षीदार लागतात आणि साक्षीदाराला साडी देतात. मुलगा दापोऱ्याचा. मुहूर्त दसऱ्याचा.

माझ्या पैशाने, माझ्या होकाराने आलेल्या गाडीवर बसून ही पोरगी निघून जाणार. रितेशला मी काय तोंड दाखवू?

२० सप्टेंबर, शनिवार

माझी जांभळी सुती साडी कपाटात नाही. मधल्या खणात, डावीकडे असते. मृणालला विचारलं. "धुवायला गेली असेल." मी स्वतः घडी घालून ठेवली होती.

रितेश-तृप्ती आले. मी कागदाचं बोलले नाही. सांगितलं तर रितेश तिला उद्याच्या उद्या देडतलाईला नेईल, कॉलेज सुटेल, आणि घरात पुन्हा मी आणि घड्याळ. मी एवढंच म्हणाले, की ही मुलगी काहीतरी लपवते आहे.

रितेश म्हणाला, "आई, तू चुकून मास्तरीण झालीस. पोलिसात पाहिजे होतीस."

तृप्ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, गाडी आली की तुम्हीच एकदा बसून बघा ना मागे. भीती जाईल."

"मला भीती नाही. मला अनुभव आहे."

तिने मृणालकडे बघितलं. म्हणजे तिलाही काही माहीत आहे. आई सामील असेल तर मी कोणाकडे बघायचं?

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. ह्यांचं पान ठेवलं. अळूची भाजी ह्यांना आवडायची तशी आंबट केली.

तृप्ती भीती म्हणाली ते डोक्यातून जात नाही. तर लिहूनच टाकते. १९८५, ऑगस्ट. बी.एड. नुकतं झालेलं. दोघींनी आपल्याच शाळेत अर्ज केला होता, जागा एक. मुलाखतीच्या आदल्या दिवशी शोभाच्या मोपेडवर मागे बसून मी राजघाटाकडून येत होते. नवी निळी साडी, मुलाखतीसाठी घेतलेली, शोभाला दाखवायला नेसले होते. रस्ता मोकळा होता. कुत्रं नाही, गाय नाही, समोर माणूस नाही. आणि शोभाने करकचून ब्रेक मारला.

मी पडले. डावा गुडघा गेला. ती धड उभी होती.

मुलाखतीला ती गेली. जागा तिला मिळाली.

दवाखान्यात आली होती. पलंगाजवळ उभी राहून म्हणाली, "सुले, तुझा पदर..." माझं हाड मोडलंय आणि हिला माझ्या पदराची पडली आहे! मी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, "तू मुद्दाम ब्रेक मारलास. पुन्हा तोंड दाखवू नकोस." नाही दाखवलं. सहा महिन्यांत नोकरी सोडून दापोऱ्याला लग्न करून गेली, असं कानावर आलं.

मोकळ्या रस्त्यावर माणूस कारणाशिवाय ब्रेक मारत नाही. एवढंच माझं म्हणणं होतं, अजूनही आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

शेजारची रंजिता देवीच्या आरतीला बोलवायला आली आणि दारातच थबकली. "सुलभाताई, एक सांगू का, बुरा नका मानू."

बुरा मानण्यासारखंच होतं. मंडीमागच्या मैदानात काल तिने मृणालला गाडी चालवताना बघितलं. मागे एक बाई. "साडीवाली. जांभळी साडी. हेल्मेट घातलेलं, तोंड नाही दिसलं. अन् मृणाल तिला घेऊन गोल गोल फिरून राहिली होती. थांबे, उतरवे, परत बसवे. मला वाटलं तुम्हीच आहात, पण तुम्ही कुठे बसता!"

जांभळी साडी.

म्हणजे मुलाची आई. ती मैदानात येऊन होणाऱ्या सुनेची परीक्षा घेते, आणि माझी साडी तिला आधीच आहेर म्हणून पोचली. आरतीत माझं लक्ष नव्हतं. प्रसाद दोनदा घेतला असं रंजिता म्हणाली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज अक्षर वाईट येईल.

चारला ऑटो करून मैदानावर गेले. छत्री घेतली होती, ऊन होतं म्हणून आणि तोंड झाकायला म्हणून. केळ्यांचा एक ट्रक उभा होता, त्याच्या आडोशाला राहिले. हमाल बघत होते. एकाने विचारलं, "अम्मा, किसको ढूँढ रहे?" मी त्याला गप्प राहायची खूण केली.

हिमानीची पांढरी गाडी. पुढे मृणाल. मागे माझ्या जांभळ्या साडीत, हेल्मेट घातलेली बाई, आडवी बसलेली. माझ्यापासून वीस पावलांवर गाडी थांबली. बाई उतरली, हेल्मेट काढलं. हिमानी होती.

"तुझा पदर परत सुटला," मृणाल म्हणाली. "शोभाआजींनी काय सांगितलं होतं? पदर आधी पुढे घ्यायचा, कमरेला घट्ट खोचायचा, मग बसायचं. माझ्या आजीचा असाच सुटला तर?"

"तुझी आजी बसली तर ना! आमची म्हातारी म्हणते, ती सुली मेली तरी नाही बसायची."

आणि हिमानी तळहात नाकावर दाबून हसली.

मी छत्री मिटली. पुढे गेले. दोघी अशा उभ्या राहिल्या, जणू वर्गात कॉपी सापडली.

"तू शोभाची नात?"

"हो आजी," हिमानी म्हणाली. मग घाईघाईने, "साडी धुऊन देणार होते."

मृणाल रडायला लागली. मी रागावण्याची तयारी करून आले होते, ती राहूनच गेली. हमालांनी आम्हाला ट्रकच्या सावलीत बसायला पोतं दिलं. तिथे बसून दोघींनी सगळं सांगितलं, एकमेकींचं वाक्य तोडत.

कॉलेजच्या पहिल्या महिन्यातच हिमानीने घरी मैत्रिणीच्या आजीचं, म्हणजे माझं, नाव सांगितलं आणि शोभाने ओळखलं. मृणाल तेव्हापासून चार वेळा दापोऱ्याला जाऊन आली. शोभाचं कंबरेचं ऑपरेशन झालंय, ती पलंगावरून फारशी उठत नाही. मृणालने तिला म्हटलं, मी आजीला घेऊन येते, बसने आणते. तर शोभा काय म्हणाली, ते हिमानीने आजीचाच आवाज काढून सांगितलं:

"त्या बाईला म्हणावं, येशील तर गाडीवर मागे बसून ये. बसनं आली, ऑटोनं आली, तर मी दार नाही उघडू देणार. पडल्या पडल्या ओरडून हाकलून देईन. मागं बसून आली तरच मी मानेन की तिनं माझं ऐकलं."

"काय ऐकायचं?" मी विचारलं.

मृणालने डोळे पुसले. "आजी, तुझा पदर मागच्या चाकात गेला होता. शोभाआजींना मागून ओढल्यासारखं वाटलं, त्यांनी वळून बघितलं. तो गुंडाळत तुझ्या गळ्याकडे येऊन राहिला होता. म्हणून ब्रेक मारला. त्या सांगायला आल्या होत्या दवाखान्यात. तू भिंतीकडे तोंड केलंस."

मी म्हणाले, "हे ती आता सांगते. चाळीस वर्षांनी काहीही सांगता येतं."

असं म्हणाले. लिहून ठेवते, कारण म्हणाले.

येताना ऑटोत मृणाल माझ्या शेजारी बसली होती. घरी आल्यावर तिने एवढंच म्हटलं, "ओट्यावर तुला बसता येतं, उतरता येतं. गुडघा दुखत नाही. म्हणून तेवढीच सीट शोधत होते. दुकानातल्या राखाडी गाडीची तशी आहे. नको असेल तर राहू दे गाडी."

२७ सप्टेंबर, शनिवार

निळी साडी लोखंडी पेटीत तळाला होती. चाळीस वर्षांत उघडली नव्हती. टाकली कशी नाही, ते मलाच ठाऊक नाही. पुरावा म्हणून ठेवली असेन.

खिडकीपाशी नेऊन उलगडली. गुडघ्यावर साडी फाटलेली नाही. निऱ्या धड आहेत. पदर तेवढा फाटलाय, हातभर लांब, आणि फाटलेला सुद्धा नाही, दोरीसारखा पिळलेला आहे. पिळ्यात काळं ग्रीस. ठरावीक अंतरावर आडवे काळे पट्टे, चाकाच्या तारांचे. एक, दोन, तीन, चार. शेवटचा पट्टा खांद्यापासून वीतभर.

पडल्याने पदर पिळत नाही. इतकं मला तेव्हाही कळलं असतं. मी बघितलं नाही.

वीतभर.

रितेश-तृप्ती आले तेव्हा मी तशीच बसले होते. तृप्तीने साडी बघितली, चहा आणून ठेवला. मी रितेशला म्हणाले, "गाडी घ्यायची."

"नक्की?"

"राखाडी. जिची सीट एकोणतीस आहे ती. आणि साडी गार्ड पूर्ण हवा, अर्धा नको. त्या धर्मेंद्रला माझ्यासमोर लावायला सांग."

२९ सप्टेंबर, सोमवार

मृणाल लायसनच्या परीक्षेत पास. पाय एकदाही टेकला नाही म्हणे. मी कोणत्या साहेबाने परीक्षा घेतली आणि तो खरंच बघत होता का, हे दोनदा विचारलं. सवय एका दिवसात जात नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

ओट्यावरून आडवं बसून उतरायचा सराव केला. पंचवीस वेळा. रंजिता गच्चीवरून बघत होती. "सुलभाताई, काय करून राहिल्या?"

"व्यायाम," मी म्हणाले.

तिला पटलं नाही. पटू नये. मलाही पटलं नसतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गाडी सकाळी दहाला आली. झेंडूचा हार, हळदीकुंकू, चाकाखाली लिंबू. धर्मेंद्र स्वतः घेऊन आला. साडी गार्ड मी हात लावून, हलवून बघितला. तो म्हणाला, "अम्माजी, इतना चेक तो आरटीओ वाले भी नहीं करते." मावा जिलबी खाऊन गेला.

चारला निघायचं आहे. दापोऱ्याला शोभाला सोनं द्यायला, आपट्याची पानं रुमालात बांधून ठेवलीत. मृणालने मला हेल्मेट घालून बघितलं. कानात सगळं बंद होतं, विहिरीत उतरल्यासारखं. ती म्हणाली, "आजी, मी सायकलच्या स्पीडने नेईन." पुलापुढचे खड्डे तिला पाठ आहेत. मला तिच्यावर विश्वास आहे. रस्त्यावर नाही, समोरच्या ट्रॅक्टरवर नाही, आणि माझ्या गुडघ्यावर अजिबात नाही. म्हणून निघण्याआधी लिहून ठेवते.

कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात, उदबत्तीच्या डब्याखाली.

पाटल्या तृप्तीला. तिला सामील म्हणाले होते, ते तिला सांगू नये. की सांगावं. ती हसेल.

ह्यांचं घड्याळ रितेशला. सायकलही त्यालाच, पण विकायची नाही. तिच्यावर बसून एक माणूस जन्मभर गप्प राहिला.

जांभळी साडी हिमानीला. तिने ती माझ्याहून जास्त वेळा नेसली आहे.

रंजिताला तुळशीची कुंडी आणि निरोप, की साडीवाली बाई सापडली.

निळी साडी मृणालला. नेसायला नाही. पेटीत ठेवावी, आणि आयुष्यात कधी कोणाबद्दल माझ्यासारखी खात्री वाटली, तर आधी काढून पदर बघावा.

स्कूटर मृणालचीच. मागच्या सीटवर कोणाला बसवावं ते तिने ठरवावं. पदर मात्र आधी बघावा.

राहिलं हे पेन. शाळेतलंच आहे, निब दोनदा बदलली. ते शोभाला. पोचले तर मीच देईन. त्यातली शाई इथे लिहून संपवते आहे, उरलेली धुऊन टाकीन. पेन रिकामं नेणार आहे. तिच्या घरात शाईची बाटली आहे असं हिमानी सांगत होती.

खाली हॉर्न वाजला. पदर खोचला